दात देणारं बीळ

पोषण आहाराच्या तांदळाचं तिसरं पोतं उंदरांनी फोडलं, तेव्हा माझं डोकं फिरलं. तसं ते फिरायला फारसं काही लागत नाही, असं आमच्या शाळेत खिचडी रांधणारी मावशी गावभर सांगते. शनिवारी घाटंजीहून येतानाच मी सिमेंट घेऊन आले आणि शाळा सुटल्यावर स्वयंपाकखोलीच्या कोपऱ्यातलं बीळ काचा घालून स्वतःच्या हातानं बुजवलं. वरून थापीनं इतकं गुळगुळीत केलं की गवंड्यानं येऊन शिकावं.

सोमवारी त्याच तोऱ्यात मी दुसरीच्या वर्गाला उंदीर शिकवायला घेतला. फळ्यावर चित्र काढलं. पोरांच्या मते ती खार होती. शेपटी बारीक केल्यावर कुठे मान्य झालं. खाली दोन रकाने आखले, उंदराचा त्रास आणि उंदराचा उपयोग. त्रासाचा रकाना धडाधड भरला. सोयाबीनची पोती, गोधडी, मोटारसायकलची वायर, एकाच्या आजोबांचं आधार कार्ड. उपयोगात मात्र ‘गणपतीला बसायला लागतो’ एवढंच आलं. नवी औषधं आधी उंदरांना देऊन बघतात, हे मी सांगितलं, तर पोरांना उंदरांचीच दया आली आणि हे कुठल्या रकान्यात लिहायचं यावरून भांडण जुंपलं.

तेवढ्यात पहिल्या ओळीतली एक मुलगी उभी राहिली. ही वर्गातली सगळ्यात बडबडी. वरचे समोरचे दोन्ही दात पडलेले.

“मॅडम, तो दात देते.”

“कोण?”

“उंदीर. जुना घेते, नवा देते. बिळात टाका लागते.”

हे तर आम्हीही लहानपणी केलेलं. मी हसून विचारलं, “मग तू टाकलास का?”

“एक टाकला. दुसरा आज आणला.” तिनं दप्तरातून कागदाची पुडी काढली.

“अगं, घरीच टाकायचा ना!”

यावर अख्ख्या वर्गानं मला समजावलं. आता सगळ्यांची घरकुलं झाली, खाली फरशी बसली. घरात बीळ कुठलं? पोरांच्या कामाचं एकच बीळ उरलं होतं, शाळेच्या स्वयंपाकखोलीतलं. सगळी दुसरी तिथेच दात टाकत होती.

मी गुपचूप फळ्याकडे तोंड केलं. पण मावशी दारातच उभी होती.

“ते त मॅडमनं शनवारीच बुजवलं,” ती म्हणाली. “काचा घालून!”

तिघं-चौघं लगेच रडायला लागले. ती मुलगी रडली नाही. तिनं तोंड मिटून घेतलं, ते मिटलंच. हजेरीला नुसती मान हलवली, खिचडीला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. वर्गात गलका होता, पण तिचा आवाज नव्हता, आणि मला फार वाईट वाटत होतं.

शेवटी मी तिला जवळ बसवलं. दात उंदीर देत नाही, हिरडीतून येतो, हे नीट समजावलं. पुरावा म्हणून स्वतःचा जबडा उघडून हिरड्या दाखवल्या. तिनं आत डोकावून पाहिलं आणि दोन दिवसांत पहिल्यांदा बोलली.

“इथला कुठी गेला?”

“मागच्या वर्षी काढला.”

“मंग नवा काहून नाही आला?”

“मोठ्या माणसांचा येत नसतो.”

“कुठी टाकलता?”

खोटं बोलवेना. “यवतमाळला. डॉक्टरच्या डब्यात.”

“मंग!” ती म्हणाली.

सगळा वर्ग माझ्याकडे कीव आल्यासारखा बघत होता. मी उठले आणि मावशीच्या घरून छन्नी-हातोडा मागवला. मधली सुट्टी गेली, पुढचा तासही गेला. “एवढं पक्कं त घरकुल बी नाही बांधत कोणी,” मावशी शेजारी बसून म्हणत होती. बीळ मोकळं झालं, तशी मी एकेक काच वेचून काढली. मुलीनं पुडी आत सोडली, बिळाला तोंड लावून काहीतरी कुजबुजली आणि उठल्या उठल्या खिचडी मागितली. तिच्यामागे आणखी चौघं पुड्या घेऊन उभेच होते. तांदूळ मी झाकण असलेल्या पत्र्याच्या कोठीत हलवला. हे पहिल्या पोत्यालाच सुचायला हवं होतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि ती धावत आली. वरचा ओठ दोन बोटांनी उचलून धरलेला. दोन दात आले होते. एक सरळ, दुसरा जरासा वाकडा. मी हिरडीचं पुन्हा सांगणार, तेवढ्यात तिनं सरळ दातावर बोट ठेवलं.

“हा बुजवायच्या आधीचा.” मग वाकड्यावर. “अन् हा मंगचा. तुमी त्याले कोंडलं न, त्याले राग आला.”

इतकी वर्षं मी पोरांना विज्ञान शिकवते आहे. तरी त्या वाकड्या दाताकडे बघून मी अगदी मनापासून म्हटलं, “चुकलं गं माझं.”

तिनं जिभेनं दात चाचपून पाहिला.

“राहू द्या, मॅडम,” ती म्हणाली. “चावता येते.”