लवचीक नव्हती ती भाषा

अनंतदादा गेल्याचा नीलावहिनींचा फोन आला आणि तासाभरात माझ्या कंपनीचं श्रद्धांजलीपत्रही आलं. माझ्या या मावसभावानं घडवलेली ‘गडगा’ ही संगणकाची भाषा किती ‘लवचीक’ आहे, याचं त्यात कौतुक होतं. लवचीक! महिना झाला, तो शब्द डोक्यातून जात नाही...

रत्नागिरीतल्या घराच्या मागच्या खोलीत दादानं ती वर्षानुवर्षं घडवली, फक्त एका कामासाठी. लोकांचे पासवर्ड, बँकेचे व्यवहार सांकेतिक करून लपवणारे प्रोग्रॅम तिच्यात लिहायचे. पासवर्ड तपासताना संगणक पहिल्याच चुकीच्या अक्षराला थांबला तर ‘नाही’ लवकर येतं, सुरुवातीची अक्षरं जुळली तर जरा उशिरा. तेवढ्या फरकावरून चोर एकेक अक्षर ओळखत जातो. गडगा म्हणजे आमच्या कोकणातलं दगडी कुंपण; नावाला जागून अशी फट असलेला प्रोग्रॅम ‘गडगा’ घेतच नसे. दादाही तसाच. हो असो की नाही, उत्तराआधी सारखाच थांबणार. वहिनी वैतागायच्या, “अहो, बांगडे तळू का, एवढंच विचारत्ये मी. पासवर्ड नाही मागत!”

आमच्या कंपनीनं भाषा घेतली. मग प्रोग्रॅमर कुरकुरायला लागले, फार अडवते, काम रखडतं. साहेबांनी तोडगा काढला, फट दिसली तरी भाषेनं नकाराऐवजी नुसती सूचना द्यायची. ज्याला वाचायची तो वाचेल! दादाला विचारायचं काम माझ्यावर आलं. फोनवर तो नेहमीइतकाच थांबला.

“नाही. मेल्या विनू, गडगा घालायचा नि गुरांना भगदाड ठेवायचं? मग घालता कशाला?”

बैठकीत मी सांगितलं, “दादांना थोडी शंका आहे.” त्याच्या स्वच्छ नकाराची मी शंका केली. साहेबांना तेवढंच हवं होतं, त्यांनी बदल करून टाकला. भाषेवरून माझं नाव काढा, असं दादानं कंपनीला कळवलं. ते काढलं नाहीच, वर आता त्याच भगदाडाला ‘अनंत आवृत्ती’ म्हणून बाजारात आणताहेत. माणूस भांडायला उरला नाही, हे किती सोयीचं!

परवा वहिनींकडे गेलो. दादाच्या संगणकावर मूळ ‘गडगा’ तशीच आहे. तिला आमच्या कंपनीचा नवा प्रोग्रॅम दिला. पडद्यावर दादानंच नकारासाठी लिहून ठेवलेलं वाक्य उमटलं, “इथून आतलं दिसतंय. आधी बुजवा, मग या.”

वहिनींनी पदरानं पडदा पुसला. “भावजी, नाव लावायचंच असेल तर ह्याच्याखाली लावा म्हणावं.”

तेच वाक्य आणि वहिनींचं म्हणणं मी कंपनीला पाठवलंय... त्यात माझा एकही शब्द घातलेला नाही.