पडत्या भावाला घेणारे काका

आज नागपुरात माझ्या डोक्यावर छप्पर आहे ते जरीपटका भागातल्या आमच्या घरमालक काकांमुळे, हे आधी सांगतो. काय झालं ते मागून. जगात काहीही कोसळलं की ज्याच्या अंगात उत्साह येतो, असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. शेअर बाजार आपटला की काका सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, मोबाइल हातात धरून ओट्यावर बसायचे, जणू मुलगी बघायला पाहुणे यायचेत. बाजार चढला की तोच माणूस दुपारपर्यंत बनियनवर, सुतकी चेहऱ्याने. एकदा शेजारणीने काळजीने विचारलंही, "कोणी गेलं का वं?" काकू आतूनच म्हणाल्या, "नाई वं बाई, बाजार चढला."

पडलेलं घ्यायचं, एवढा एकच धर्म. कूलर डिसेंबरात, रजया मे महिन्यात. माझ्या वरच्या खोलीत त्यांचे तीन कूलर आणि मी असे चौघं राहायचो, भाडं मात्र मी एकटाच द्यायचो. काटोलला संत्र्याचा भाव पडल्याचं कळलं की काका एसटीने निघाले. बाजार उठताना व्यापारी कंटाळलेले असतात, तेव्हा उरलेला ढीगच्या ढीग उचलायचा आणि पोत्यात भरून आणायचा. मग आंघोळीच्या पाण्यालाही संत्र्याचा वास. "भाव पडला म्हणजे माल सडला असं नसते गा," एकेक फळ नाकाशी धरत ते मला शिकवायचे. काकू म्हणायच्या, "संत्री सस्ती पडली, सोलता सोलता माझी कंबर महागात पडली."

मी जतकडचा, सांगली जिल्ह्यातला. नववीत शाळा सुटली आणि कामामागे फिरत नागपूरजवळ हिंगण्याच्या एका कारखान्यात कंत्राटावर लागलो. शेअर या शब्दाची मला आजही धास्तीच वाटते. पण काकाही कंपन्यांचे अहवाल वाचायचे नाहीत. "कागदावर कोणीबी सुंदरच दिसते!" ते स्कूटर काढून हिंगण्याला जायचे, कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर ठाण मांडायचे आणि पाळी सुटली की बाहेर येणाऱ्या कामगाराला धरून विचारायचे, "कॅन्टीनची डाळ कशी आहे?" डाळ पातळ झाली तर मालक खचला, दूर राहा. डाळ घट्ट, तर कंपनीत जीव आहे, बिनधास्त घ्या. मला खोली मिळाली तीही अशाच एका डाळीच्या चौकशीतून.

मग बाजार खरंच कोसळला. आमच्या कारखान्याचा शेअर तर पार मातीमोल झाला. काका जिना चढून वर आले. डोळे चमकत होते.

"डाळ कशी आहे बे?"

"घट्ट आहे काका. पूर्वीपेक्षा घट्ट. पळी उभी राहते."

ते खरंच होतं. काकांनी घेतले. भाव आणखी पडला, आणखी घेतले. "लोकं भिऊन फेकून राहिले अन् आपण वेचून राहिलो," असं म्हणत त्यांनी निवृत्तीची बरीचशी पुंजी त्यात घातली. थोड्याच महिन्यांत फाटकाला कुलूप लागलं. तेव्हा कुठे उलगडा झाला. निम्मी माणसं आधीच काढून टाकलेली होती. आचारी सवयीने डाळ जुन्या मापानेच टाकत होता, पाणी मात्र माणसं बघून.

मी पिशवी भरायला घेतली. काका दारात येऊन उभे राहिले. माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना.

"काका, मी चुकीचं सांगितलं का?"

"तू डाळ सांगितली, ते घट्टच होती. डाळ खाणारे किती उरले, हे विचारायचं मले सुचलं नाई. कुठं चालला?"

"गावी."

"काय आहे तिथं?"

मी पिशवीचा बंद आवळला. तिथे भावाच्या घरात एक ताट जास्त व्हायचं, एवढंच होतं.

"मंग खाली उतर अन् जेव," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते मला स्कूटरवर मागे बसवून हिंगण्याच्या फाटकाफाटकावर फिरवू लागले. सगळीकडे एकच प्रश्न, शिक्षण काय, सर्टिफिकेट काय? "माणूस पाहा ना गा, कागद कायले पाहता!" काका तावातावाने म्हणायचे. माणूस कोणी पाहिला नाही. शेवटी त्यांनीच मला हिंगण्यातल्याच वेल्डिंगच्या क्लासला घातलं, फी भरून टाकली. पैसे कुठून आले हे काकूंनी सांगितलं, कोथिंबीर निवडता निवडता, खाली मान घालून. "जे चांगले शेअर होते ना बेटा, ते इकले. तेही पडत्या भावात."

या माणसाने जन्मात कधी काही विकलं नव्हतं, आणि विकलं ते अशा वेळी! मी धावत ओट्यावर गेलो. "काका, काहून विकले?" घाबरलो की मीही त्यांच्यासारखाच बोलतो.

"गरज काय बाजार पाहून येते का बे?" एवढंच म्हणाले आणि रस्त्याकडे बघत बसले.

त्यानंतर बाजार वर आला. काकांचे विकलेले शेअर वर गेले, आमच्या कारखान्याचे मात्र खात्यात तसेच पडून आहेत, फुकटही कोणी घेत नाही. काका आता हिंगण्याला येत नाहीत, चहावाला मलाच विचारतो, "तुमचे काका बरे आहेत ना?" मोबाइल आत कपाटात असतो. क्लासमध्ये माझा जोड अजून वाकडा येतो, आणि सर्टिफिकेट मिळालं तरी कोणी कामावर घेईल की नाही, याचा भरवसा नाही.

पण काकूंना विचारून त्या विकलेल्या कंपन्यांची नावं मी पाठ केली आहेत. एक ना एक दिवस तेवढेच शेअर मी काकांना परत घेऊन देईन. भाव तोवर कुठल्या कुठे गेलेला असेल. काका खेकसतील, "येडा झाला का बे, इतक्या महाग कोणी घेते का?" खेकसू देत. त्यांचा तो आवाज या घरात ऐकून फार दिवस झाले. मी घेणारच.