नरसव्वाच्या नावावरचा फोन

आमच्या वॉर्ड ऑफिसात अर्ज कपाटात साठतात आणि किस्से माझ्यात. कपाटाला कुलूप आहे, मला नाही! रिटायर झालो तरी रांग लावायला मलाच बोलावतात. गरीब घरांना सवलतीचा फोन, एका घराला एकच, अशी स्कीम आलीय. पण अर्जदारांत गरीब कमी आणि हुशार जास्त. खरी हक्काची होती विड्या वळणारी नरसव्वा. तिची पोरगी बार्शीला, पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. म्हातारी दर सोमवारी यायची आणि कॉम्प्युटर म्हणायचा, तुमचा फोन तुम्हाला दिलाय.

*

सुरुवात माझ्यापासूनच. गंमत म्हणून मी ऑफिसातल्या मांजरीचा अर्ज भरला. नाव मनीबाई, धंदा उंदीर, उत्पन्न शून्य. आठ दिवसांत 'पात्र' म्हणून शिक्का! ऑफिसच्या मोठ्या मॅडमनी मला लई झाडलं. मग म्हणाल्या, "तात्या, उद्यापासून घरोघर जाऊन बघायचं. तुम्हीपण चालायचं, हीच शिक्षा."

*

पहिल्याच घरात दोघा भावांनी मधोमध खडूची रेघ मारलेली. दोन चुली, म्हणजे दोन घरं, म्हणजे दोन फोन. धाकटीची चूल कोरी, राखेचा कण नाही. मी म्हटलं, ह्या चुलीवरचा चहा पाजा. धाकटीनं आधण ठेवलं आणि रेघेपलीकडं हात केला, "जाऊबाई, साखर द्या की." थोरलीनं साखर दिली, दूध दिलं, वर चहा गाळूनपण दिला. थोरला भाऊ कपाळाला हात लावून म्हणाला, "एकच फोन लिवा, मॅडम. वेगळं राहायची आमाला सवय न्हाय."

*

रांगेत एकाचं बनियन इतकं फाटकं, की बघून मलाच थंडी वाजली. मी दारात जाऊन ओरडलो, "पांढरी कार कुणाची? टोइंगवाले उचलायलेत!" सगळ्यात आधी बनियनच पळालं, चावी हातात. ते काही रांगेत परत आलं नाही.

*

राहिली नरसव्वा. मॅडमनी तिच्या नावाचा अर्ज शोधून काढला. खाली शाईचा अंगठा, रेघन् रेघ स्पष्ट. मी बघतच बसलो. चाळीस वर्षं विड्या वळून नरसव्वाची बोटं गुळगुळीत झालीत. अंगठा घेणारं मशीनसुद्धा तिला ओळखत नाही. तिचा अंगठा शेजारी कागदावर उमटवून घेतला, तर नुसता काळा ठिपका.

मॅडमनी बाकीच्या विडीवाल्या बायकांचे अर्ज उपसले. नरसव्वाचा धरून सात अर्जांवर तोच देखणा अंगठा! आणि सातही अर्ज 'मदत म्हणून' भरून देणारा मोबाईल दुकानदार एकच. त्याला बोलावून शाईचं पॅड पुढं केलं. तो म्हणाला, "सही चालंल का?"

*

सातही बायकांना त्यांचे फोन मिळाले. पण आता नवा नियम. आठवड्यानं ऑफिसनं फोन लावून खात्री करायची, की फोन त्याच घरात आहे, विकलेला नाही. मॅडमनी पहिला नरसव्वाला लावला. स्पीकर चालू, आम्ही सगळे कान देऊन.

"नरसव्वाबाई, फोनचा वापर होतोय ना?"

"तुमी बोलत बसल्यावर कसा हुईल? ठेवा की, मॅडम. पोरीला कळा सुरू झाल्यात, जावयाचा फोन यायचाय."