माझ्याच नवऱ्याशी दुसरं लग्न

तुर्कांच्या कैदेतले शिपाई आगबोटीने मुंबईला उतरलेत, त्यात आमचे मालकही आहेत आणि मंगळवारच्या गाडीने ते सोलापूरला येतील, असं पलटणीचं पत्र आलं तेव्हा माझं कपाळ मोकळं होतं. दोन महिन्यांपूर्वीच आम्ही त्यांचे दिवस घातले होते.

हट्ट माझाच. 'बेपत्ता' एवढंच कळून तीन वर्षं झाली होती. हळदीकुंकवाला गेले की बाया करंडा हातात धरून एकमेकींकडे बघायच्या, हिला लावावं की नको? एके दिवशी मी सासऱ्यांना म्हटलं, "आबा, करून टाका एकदाचं." ते नको नको म्हणत होते. शेवटी वळसंगच्या शेतात पळसाच्या पानांचा माणूस करून जाळला आणि मी बांगड्या फोडल्या.

आता भटजी म्हणाले, विधीने मेलेल्याला उंबरा ओलांडता येत नाही. आधी त्याचं बारसं, मग त्याच बायकोशी पुन्हा लग्न. मुहूर्त नऊ दिवसांनी, तोवर त्यांनी मारुतीच्या ओवरीत राहायचं. मेलेल्याने भाकरी खाल्लेली चालत होती, घरात आलेलं तेवढं चालत नव्हतं! मला अजून राग येतो.

भाकरी मीच न्यायची, पण पाठ करून उभं राहायचं. मागे त्यांच्या येरझाऱ्या ऐकू यायच्या. दोन घास खाल्ले की उठायचे, फिरायचे, परत बसायचे. माझाही जीव थाऱ्यावर नव्हता. घरी येऊन घासलेलीच भांडी मी पुन्हा घासायचे.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, "आबानं मला जित्तेपनी जाळलं. त्याच्या हातचं पानी पिनार न्हाय मी."

हे सासऱ्यांच्याही कानावर गेलं, पण त्यांनी माझं नाव काढलं नाही. मीही गप्प बसले. खरं कळल्यावर मालकांनी लग्नाला नकार दिला, तर जित्या नवऱ्याची विधवा होऊन राहायचं, या धास्तीने मला झोप येईना.

बारशाला त्या मिशावाल्या बाळाच्या कानात आत्याने कुर्र केलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. सासरे लांब जोत्यावर बसून होते, मुलगा त्यांच्याकडे बघतसुद्धा नव्हता.

लगेच अंतरपाट धरला. पलीकडे मालकांचे पाय सारखे हलत होते. मंगलाष्टकं संपत आली तशी मला राहवेना.

"आबांनी न्हवं," मी म्हटलं, "दिवस घाला म्हनून मीच म्हनलं हुतं."

पाय थांबले. अंतरपाट खाली आला. ते हार हातात घेऊन तसेच जोत्याकडे गेले आणि त्यांनी वडिलांच्या पायांवर डोकं ठेवलं. मुहूर्त टळतोय म्हणून भटजी ओरडू लागले. मी मान खाली घालून उभी होते.

ते परत आले. हार माझ्या गळ्यात घालताना हळूच म्हणाले, "तीन वर्सं वाट बगितलीस, लई झालं की. मी तर दुसऱ्याच वर्सी आशा सोडली हुती."