दाराखालची पट्टी

आमच्या फुवांइतकं गंजाला मनावर घेतलेला माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल. फुवा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. साक्रीला राहत, बाजरी-भुईमूग पिकवत आणि उरलेला सगळा जीव एका जुन्या जीपवर लावत. ऐंशीच्या दशकात ऐन पावसाळ्यात डोंगरातल्या पाड्यांवर पोहोचणारी ती जवळपास एकटीच गाडी. बाळंतिणींपासून बियाण्याच्या पोत्यांपर्यंत सगळ्यांना तिचाच आधार. घरी परतले की फुवा आधी गाडीखाली शिरत, मग जेवायला बसत. हातात लहानशी हातोडी, कान पत्र्याला. टकटक करत सरकायचे आणि आवाज बदलला की डॉक्टरांसारखा चेहरा करायचे. परक्या गाड्याही यातून सुटत नसत. अमळनेरच्या एका लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली तरी फुवांचा पत्ता नव्हता. ते नवरदेवाच्या सजवलेल्या मोटारीखाली सापडले. केसांत झेंडूच्या पाकळ्या घेऊन बाहेर आले आणि वधूपित्याला बाजूला नेऊन म्हणाले, "पोऱ्या चांगला शे. गाडी आतून सडेल शे."

अशा माणसाच्या जीपमधून एके दिवशी आत्याचाच पाय आरपार गेला. दाराखाली जी पोकळ पट्टी असते, जिच्यावर पाय देऊन आत चढायचं, ती वरून रंगीत आणि आतून चिखलाने खाल्लेली निघाली. आत्याला नुसतं खरचटलं, पण फुवांना तोंड दाखवायची सोय राहिली नाही. त्यात आत्या शांतपणे म्हणाली, "आत्ते मी एस्टीमाच जासू."

फुवांनी जीप अंगणात घेतली. गॅरेजवाला पुट्टी भरून रंग मारून देतो म्हणाला, तर त्याच्याशी बोलणंच टाकलं. निरोगी पत्रा लागेपर्यंत कापायचं, हा त्यांचा नियम. गाडी खचू नये म्हणून खाली ओंडके लावले, धुळ्याहून जाड पत्रा आणला, नवी पट्टी बसवून दार पुन्हा पुन्हा लावून पाहिलं, तेव्हा कुठे वेल्डिंग झालं. पाणी साचू नये म्हणून खाली भोकं ठेवली, आत जळकं ऑइल सोडलं. घरातल्या भाकरीलाही त्याचा वास येऊ लागला.

शेवटी फुवा स्वतः त्या पट्टीवर उभे राहून दणादण नाचले आणि आत्याला म्हणाले, "बठ." तिने पाय ठेवला, दांडी धरली, जोर केला आणि पाय खाली घेतला.

"पत्रा चांगला शे," ती म्हणाली. "मना गुडघास्मा दम नही."

फुवा बघतच राहिले. "पह्यले का बरं नही सांगं?"

"तुम्ही पत्राले इचारं. माले कोठे इचारं?"

फुवांनी वेल्डिंगचा चष्मा पुन्हा चढवला आणि संध्याकाळपर्यंत त्या पट्टीखाली एक बुटकी पायरी जोडली, तिच्या पावलाच्या मापाची.

दुसऱ्या दिवशी ते तिला धुळ्याला डॉक्टरांकडे घेऊन निघाले. सुट्टीला त्यांच्याकडे आलेला मी मागे बसलो होतो. गाव सुटल्यावर फुवांनी रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "आजून कोठे कोठे दुखस?"

आत्या सांगू लागली. धुळं आलं, तरी तिचं सांगून व्हायचं होतं. फुवांनी गाडी दवाखान्याच्या थोडी अलीकडेच, झाडाखाली उभी केली.