शेवटची जागा

सहा आठवड्यांपूर्वीचा सोमवार. पार्से गावातल्या घरी मी दादाची बॅग भरत होते... दोन पायजमे, रिपोर्टांची फाइल, वहिनीने भाजून दिलेले काजू. दुपारच्या गाडीने मुंबईला निघायचं होतं.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. पाळी गावच्या खाणीवर बरीच वर्षं ट्रक चालवला त्याने. गेल्या वर्षी फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. किमो झाली, पण गाठ परत वाढली. इथले डॉक्टर म्हणाले, आता आमच्याकडे देण्यासारखं काही नाही... पण मुंबईत एका नवीन औषधाची ट्रायल चालू आहे, बऱ्याच देशांत एकाच वेळी, तिथे बघा.

दोनदा जाऊन आलो. मराठीतला तो जाडजूड फॉर्म दादाने ओळीवर बोट ठेवून पूर्ण वाचला, मगच सही केली. त्याच्या गाठीचा तुकडा तपासायला परदेशातल्या लॅबमध्ये गेला. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला... जुळतंय, औषध देता येईल. त्या दिवशी तो कितीतरी दिवसांनी पोटभर जेवला.

मंगळवारी पहिला डोस होता. आणि सोमवारी साडेअकराला ट्रायलच्या को-ऑर्डिनेटरचा फोन आला. तरुण मुलगी आहे. म्हणाली, "ताई, निघू नका."

सगळे देश मिळून जेवढे पेशंट घ्यायचे होते, तेवढे झाले होते. भरती बंद. ज्यांच्या तपासण्या झाल्यात त्यांना तरी घ्या, असं मुंबईच्या डॉक्टरांनी औषधाच्या कंपनीला कळवलं होतं. नाही म्हणाले.

मी विचारलं, विकत नाही का मिळणार कुठे? "अजून बाजारातच आलं नाहीये, ताई..." आणि ती रडायलाच लागली. मीच तिला म्हटलं, अगं, तुझी काय चूक.

दादा घरापुढच्या ओसरीत, बलकावात, खुर्चीवर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून तयार. सांगितलं.

मग म्हणाला, "शेवटची जागा खंय गेली गो?"

"माहीत नाही रे. कुठल्यातरी दुसऱ्या देशात."

"तेच्या घराकडे पण कोण तरी रडत आसतला..." खोकल्याची उबळ आली. ती गेल्यावर म्हणाला, "तेका तरी बरा होवंदे."

मला इतका राग आला त्याचा! त्याने भांडायचं तरी होतं, शिव्या तरी द्यायच्या होत्या. मी आत गेले आणि बॅगेतले कपडे परत कपाटात लावले.

त्यानंतर सतरा दिवसांनी दादा गेला. घरीच, सकाळी, वहिनी पेज भरवत असताना.

इतके देश एकत्र येतात म्हणून औषधं लवकर तयार होतात, हे मला कळतं. कुठेतरी जागा संपणारच, हेही कळतं. त्या मुलीने नुसता मेल न पाठवता स्वतः फोन केला, तिचे आभार मानायचे राहूनच गेले. इथे मानते.

पण तो जो कुणी शेवटचा माणूस आहे, त्याला बरं वाटू दे असं मनापासून म्हणायला जाते... आणि अजून जमत नाही.