चुली दोन, कॉम्प्युटर एक

मंडळी, आमच्या काष्टीच्या घरात चुली वेगळ्या झाल्या, पण कॉम्प्युटर मधल्या खोलीत एकच राहिला. मोठ्या जाऊबाई आणि मी तेव्हापासून कामापुरतंच बोलतो. त्यांचा मुलगा आणि माझी मुलगी कॉम्प्युटरवरून रोज भांडतात. आज ठरवलंच, दोघांना एकत्र खेळता येईल असा गेम शोधायचाच.

जो गेम नेटवरून उतरवावा त्याला दोन कॉम्प्युटर हवेत. दुपारी एकदाचा सापडला. दोघांनी मिळून एकच गाडी ढकलायची. एकाला डावीकडची बटणं, दुसऱ्याला बाणांची.

जाऊबाई मुलाला जेवायला न्यायला आल्या, तेव्हा गाडी चढावर अडकली होती. त्या थोडा वेळ बघत राहिल्या.

"जेवन ऱ्हाऊ दे. मला कोणती बटनं हायेत?"

एका कीबोर्डवर चौघांना खेळता येईल असा गेम कुणाला माहीत आहे का?